थट्टा करणे आणि थट्टा उडवणे

जबलपूर शहराचा आणि मराठी भाषेचा संबंध आजकालचा नव्हे. १७८१ साली, जबलपूर ज्यात मोडते तो गढा-मंडल्याचा मुलूख पेशव्यांच्या सागरच्या सुभेदारांच्या अमलाखाली आला, १७९८ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. पुढे नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी असताना, म्हणजे १९५६ पर्यंत, कचेरी, न्यायालय, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे नर्मदेच्या या काठी येऊन स्थायिक होत राहिली. त्यांनी आपले कुळाचार आणले, गणेशोत्सव आणला. आणि कोणत्याही दप्तरात ज्याची नोंद झाली नाही असा एक ऐवजही आणला, तो म्हणजे माणसाने माणसाला हसावे कसे, याचे बारकावे सांगणारा शब्दसंग्रह.

थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचाळी, हेटाळणी, उपहास, विडंबन – हे शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून आपण सर्रास वापरतो. पण ज्या घरात ते रोज बोलले जातात तेथील लहान मूलही त्यांची गल्लत करीत नाही. नणंदेने भावजयीची केली ती थट्टा. तीच चारचौघांत, दुखावण्याच्या हेतूने, तिच्या माहेरच्या दारिद्र्यावरून केली की ती हेटाळणी. आणि पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याविषयी चालते ती टवाळी. मस्करीत अरबी ‘मस्खरा’ दडलेला आहे, फजितीत ‘फजीहत’. यावनी अमदानीत हे शब्द आपल्याकडे आले आणि पुढे स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोचले.

मला याहून अर्थपूर्ण वाटते ती क्रियापदांची योजना. आपण थट्टा ‘करतो’, मस्करी ‘करतो’; पण खिल्ली, टर, रेवडी, टोपी या गोष्टी ‘उडवतो’. थट्टा मात्र दोन्ही क्रियापदे पत्करते, आणि तेथेच भाषेची नीती स्पष्ट होते. थट्टा करताना ज्याची करायची तो माणूस समोर बसलेला, हसण्यात सामील असलेला असतो. थट्टा उडवताना तो एकटा पडतो आणि बाकीचे सारे हसणाऱ्यांच्या बाजूला उभे राहतात. हिंदीतही खिल्ली आणि मजाक ‘उड़ाना’ असेच म्हणतात, म्हणजे सातपुड्याच्या दोन्ही अंगांच्या लोकांना हा भेद सारखाच जाणवला असला पाहिजे.

‘चेष्टा’ या शब्दाची वाट मात्र या डोंगरापाशीच दुभंगली. संस्कृतात तिचा अर्थ हालचाल, प्रयत्न. हिंदीने तो प्रयत्न जपला, मराठीने हालचालीतून हावभाव आणि हावभावातून विनोद काढला. म्हणून हिंदी शाळेतल्या गुरुजींनी ‘चेष्टा करो’ असे गंभीरपणे बजावले तर मराठी घरातल्या मुलाला प्रथम हसूच येणार.

बुंदेलखंड आणि महाकोशलातील लग्नांत थट्टेचीच एक प्रथा आहे, तिच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. वरपक्ष जेवायला बसला की वधूकडील स्त्रिया ‘गारी’ गातात, म्हणजे व्याह्यांची नावे घेऊन, त्यांच्या रूपावरून, भुकेवरून आणि घराण्यावरून गाण्यातच शिव्या देतात. आणि व्याही त्या ऐकून संतुष्ट होतात, कारण गारी न गाणे हाच अनादर. तुलसीदासांनी रामाच्या विवाहातही मिथिलेच्या स्त्रियांकडून ही गारी गाववली आहे. आमच्या रुखवताच्या गाण्यांतील विहिणींना मारलेले टोमणे हे त्याच जातीचे. आज नाते जुळले, तेव्हा आजपासून तुम्हाला हसण्याचा आम्हाला अधिकार, असा तो करार आहे. माझ्या मते थट्टेचे याहून निकोप रूप आपल्या समाजाने निर्माण केलेले नाही.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. ही वर्गवारी हसणाऱ्याकडे पाहते. मला वाटते, ज्याला हसायचे त्याच्याकडेही पाहिले पाहिजे. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढण्यात आली, तेव्हा हसणारा जमाव बलिष्ठ होता आणि हसला गेलेला माणूस एकाकी होता. तो उपहास नव्हे, ती विटंबनाच होती. याच जबलपुरात हिंदी व्यंग्यकार हरिशंकर परसाईंनी नेमके उलट केले. १९५६ साली त्यांनी येथून ‘वसुधा’ मासिक काढले, पुढे नोकरी सोडून केवळ लेखणीवर निर्वाह केला, आणि ढोंगी पुढारी, लाचखाऊ अंमलदार, धर्माचे दलाल यांना आयुष्यभर धारेवर धरले. गरिबाला, दुबळ्याला मात्र हसण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली नाही. १९७३ साली त्यांच्या लेखनाने चिडलेल्यांनी त्यांना मारहाण केली. त्या मारावरही त्यांनी ‘पिटने-पिटने में फर्क’ हा लेख लिहिला. १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘विकलांग श्रद्धा का दौर’ या त्यांच्या पुस्तकाला मिळाला. जे बलवानाला हसते तेच व्यंग्य, आणि दुबळ्याला हसते ती निव्वळ टवाळी, हा निवाडा मी परसाईंच्या लेखनावरून करतो आणि तो मला निःसंशय वाटतो.

आज जबलपुरातील मराठी घरांतून हे सारे शब्द एका ‘मजाक’मध्ये विरघळत चालले आहेत. मजाक हा शब्द वाईट नाही, पण तो कोणी कोणाला दुखावले हे सांगत नाही. आणि शाळेतून रडवेले होऊन आलेल्या मुलाला ‘अरे, मजाक होता’ असे म्हणून आपण गप्प बसवतो. माझी येथील वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, अशा वेळी त्या मुलाला जवळ घेऊन विचारा, ‘बाळ, ती थट्टा होती की हेटाळणी?’ आणि हेटाळणी असेल, तर तिला हेटाळणीच म्हणा.