गाडी थंड असतानाच बघा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘परदेशातील माझी वाटचाल’ असा विषय दिला होता. गेल्या काही वर्षांतली बरीचशी वाटचाल मी एका आजारी गाडीतून केली आहे, म्हणून तिच्याबद्दलच बोलतो. वर्कशॉपचे सर पहिल्याच रांगेत बसलेत, त्यामुळे थापा मारायची सोय नाही.

२०२१ साली न्यू जर्सीत माझी नोकरी गेली. मुलगी त्याच वर्षी कॉलेजला लागली होती आणि रोज जाऊन-येऊन ६० मैल. बस नाही, रेल्वे नाही. लिटरला २० किलोमीटर देणारी हायब्रिड परवडेल असं वाटलं, पण चांगल्या स्थितीतली एकही आमच्या आवाक्यात नव्हती. अशात एका निवृत्त शिक्षिकाबाईंची २०१० सालची गाडी दिसली. कंपनीचं नाव घेत नाही. १,४८,००० मैल झालेले, म्हणजे जवळजवळ २,३८,००० किलोमीटर. मागितलेले फक्त १,८०० डॉलर.

बाई फोनवर म्हणाल्या, “इंजिनात दोष आहे. सकाळी सात वाजता या. तोवर मी गाडी चालू करणार नाही.”

हे महत्त्वाचं आहे. तिकडे डीलरने जुन्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की ‘आहे तशी’ विकतोय हे सांगणारा कागद लावावा असा नियम आहे. घरगुती विक्रीला तो लागू नाही. आणि हायब्रिडचं दुखणं लपवायला फार सोपं. बॅटरीवरची मोटर गाडी मुकाट्याने पुढे नेते, पेट्रोल इंजिन मधूनच जागं होतं. एकदा गरम झालं की कुरकुरही करत नाही. सकाळी मात्र अर्धा मिनिट अख्खी गाडी हिव भरल्यासारखी थरथरली आणि मागून पांढरा धूर आला.

सर, तुम्हाला एवढ्यावरच कळलं असेल. आपल्या वर्कशॉपमध्ये एका शेतकऱ्याने विहिरीवरचं ऑइल इंजिन आणलं होतं, आठवतं? “ग्यासकिट गेलं,” म्हणत होता. तुम्ही हेड उघडून दाखवलं होतंत आणि म्हणाला होतात, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मी तेव्हा मागच्या बाकावर डबा खात होतो, तरी तेवढं कानात राहिलं.

या गाडीतही तेच. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडायची एक वाट असते. तिच्या कूलरमध्ये काजळी साठते, वाट चोंदते, इंजिनावरचा ताण वाढतो आणि पुढे कधीतरी हेड गॅस्केट जातं. मग रात्रभरात कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं. मी स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घातला. तीन पिस्टन काळेकुट्ट, एक लख्ख. घरात लख्ख भांडं दिसलं की बरं वाटतं, इथे पोटात गोळा आला. कूलंटच्या वाफेने धुऊन निघाला होता तो.

बायको म्हणाली, “दिसत असून विहिरीत उडी घेताय.” घेतली.

मेकॅनिकने ३,००० डॉलर सांगितले, म्हणून डिसेंबरच्या थंडीत गॅरेजमध्ये मीच गाडी उघडली. आधी मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग काढला, कारण त्या नारिंगी केबलींतून २०० व्होल्ट खेळतात. हेड मशीन शॉपमध्ये नेऊन सपाट करून आणलं. काजळीने बुजलेला कूलर साफ करायला तर दोन दिवस गेले. नवे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, एकाआड एक आवळत गेलो. एका कडेपासून सरळ आवळत सुटलो म्हणून सरांनी याच बोटांवर पट्टी मारली होती. तीन आठवडे आणि ९०० डॉलर लागले. मुलगी दोन वर्षं त्याच गाडीने गेली. रात्री ती घरी येईपर्यंत मी खिडकीशी असायचो, ते वेगळं.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. २०२३ मध्ये नोकरी लागल्यावर मी गाडी विकायला काढली. त्या हिवाळ्यात एका सकाळी ती पुन्हा थरथरली होती. पाच सेकंद, एकदाच. कूलंटची पातळी हलली नव्हती. पुण्याकडचा एक विद्यार्थी बघायला आला. त्याला मी दुपारची वेळ दिली आणि तो यायच्या आधी गाडी फिरवून गरम करून ठेवली. “काका, काही प्रॉब्लेम नाही ना?” असं त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. २०० डॉलर आगाऊ देऊन तो गेला.

रात्री जेवण गेलं नाही. माहीत असूनही त्या बाईंनी मला सकाळी सातला बोलावलं होतं, आणि मी आपल्याच मुलखातल्या पोराला दुपारी दोनला. साडेदहाला फोन करून त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, उद्या सकाळी ये, गाडी थंड असताना बघ. तो आला. गाडी एकदाही थरथरली नाही. तरी त्याने शांतपणे पैसे परत मागितले, मी दिले. जाताना तो मला काका म्हणाला नाही.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. मी तिने कामावर जातो आणि दर रविवारी कूलंट बघतो.

सर, जुनं गॅस्केट बरोबर आणलंय. विमानतळावर कस्टम्सवाल्याने हे काय म्हणून विचारलं, तर म्हणालो, गृहपाठ. दोन सिलिंडरच्या मधली ही काळी रेघ बघा, तिथून गेलंय. मागच्या बाकांकडेही द्या. पोलादी पत्रा आहे, कडा लागतील, जपून.