लक्षद्वीपला जायचंय?



जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांची लक्षद्वीपमधली छायाचित्रं सगळीकडे झळकली. तेव्हापासून ओळखीचे लोक मला एकच विचारतात, "तुम्ही जाऊन आलात ना? कसं जायचं हो?" मी कविता लिहितो, पण त्यांच्याविषयी इतक्या आस्थेनं कुणी कधी विचारल्याचं आठवत नाही. तर आज लक्षद्वीपविषयीच बोलतो.

नुसतं तिकीट काढलं आणि निघालं, असं तिथं चालत नाही. पासपोर्ट लागत नाही, पण प्रवेशाचा परवाना लागतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला याचा राग येतो. आपल्याच देशात परवाना कसला? मला मात्र तो नियम पटला. बेटांची मोजदाद ३६ ची, त्यातल्या दहांवर वस्ती. सगळी जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत माणसं ६४ हजारांच्या वर. एवढ्याशा घरात पाहुण्यानं विचारून यावं, यात वावगं काय? अधिकृत सहलीतून गेलात तर परवान्याचं काम सहसा सहलवालेच करतात. स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांनी नियम आधी नीट पाहावेत, ते अधूनमधून बदलतात. ओळखपत्राच्या दोन-तीन प्रती जवळ ठेवाव्यात.

जायचं कोचीहून. छोटं विमान अगत्ती बेटावर उतरतं. धावपट्टी बेटाच्या टोकाला. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. पण सवड असेल तर जहाजानं जा. बेट कुठलं त्यावर अवलंबून, पण साधारण चौदा ते अठरा तास लागतात. बर्थ स्वस्त, केबिन महाग. उलटीची गोळी जहाज सुटण्याआधीच घ्यावी, पोट ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.

या जहाजाविषयी थोडं सविस्तर सांगतो. आपल्यासाठी ती मौज असते. बेटावरच्या माणसाची ती एसटी आहे. केरळात शिकणारी मुलं सुटीला त्याच जहाजानं घरी येतात. कोचीच्या डॉक्टरला दाखवून म्हातारी माणसं त्याच जहाजानं परततात. पेशंट फारच गंभीर असेल तर हेलिकॉप्टर येतं, बाकीच्यांना जहाजच. म्हणून रमजान ईदच्या आगेमागे, शाळांच्या सुट्यांच्या सुरुवातीला आपण जाऊ नये. आपली सहल पंधरा दिवस पुढे ढकलता येते, ईद ढकलता येत नाही. तसंही ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच जावं. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि फेऱ्या कमी होतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. मी कोकणातला. समुद्राकाठच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ कसं होतं, ते लहानपणापासून चाखलेलं आहे. तिथं तर नदी नाही, डोंगर नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसं तरंगत राहतं. पंपानं जास्त उपसा केला की साय फाटते, खारं वर येतं. कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ करायचं आणि ती वाफ खोल समुद्रातल्या गार पाण्यानं थंड करायची. रोजचं गोडं पाणी एक लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण अख्ख्या बेटाला ते किती पुरणार? तेव्हा तिथं बादलीनं अंघोळ करा. समुद्रात डुंबून आल्यावर अर्धा तास शॉवरखाली उभं राहणारे लोक पाहिले की मला शेजाऱ्याच्या रांजणात पाय बुडवणारा माणूस आठवतो.

वस्ती जवळजवळ सगळी मुसलमान. भाषा मलयाळमच्या वळणाची; दक्षिणेकडच्या मिनिकॉयला मात्र महल बोलतात, मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण. लिपी उजवीकडून डावीकडे जाणारी. तिथं १८८५ चं उंच दीपगृह आहे, ते चुकवू नका. मला जास्त नवल वाटलं ते घराण्याच्या रीतीचं. परंपरेनं घराणं आईकडून चालतं. आमच्याकडे मुलगी सासरी जाताना अंगण रडतं. तिथं मुलगी आईच्या घरातच राहते, जायचं ते नवऱ्यानं. मुसलमान म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी, आणि त्यात आमचेही लोक आले, हे जरूर पाहावं.

गावातून फिरताना अंगभर कपडे असावेत. जुम्म्याच्या दुपारी दुकानं बंद मिळतील. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. पिशवीत लपवून नेण्याचा शहाणपणा नको. जेवणात भात, नारळ आणि टुना मासा, तोच उकडून, धुरी देऊन वाळवला की मासमीन. शाकाहारी मंडळींनी थोडा कोरडा खाऊ बरोबर न्यावा. रोख पैसेही न्यावेत.

प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड दिसतो, पण जिवंत आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा तिथलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडून मेलं. त्याचा तुकडा आठवण म्हणून उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला असला तरी.

एक शेवटचं. बहुतेक बेटांना मोठं जहाज लागत नाही. ते बाहेर उभं राहतं आणि त्याच्या कुशीतल्या दारातून लहान होडीत उतरावं लागतं. होडी लाटेवर वरखाली होत असते. सामान आधी देऊन टाका, दोन्ही हात मोकळे ठेवा. खलाशाचा पंजा धरू नका, मनगटाच्या वर धरा. होडी वर आली की तो ओरडेल, त्याच क्षणी पाय टाकायचा.