दिवाळे निघाले म्हणून शिक्षा फिटते काय?



एखाद्याने हात वर केले, की गावात एकच बोलणे होते : "सुटला गडी! आता त्याला कोण विचारणार?" पण गुन्ह्याबद्दल शिक्षा देताना कोर्टाने "ज्याचे घेतलेस, त्याचे भरून दे" असा हुकूम केला असेल, तर तेही देणे दिवाळ्यात वाहून जाते काय? या प्रश्नावर अमेरिकेत मोठा कज्जा झाला.

तेथील कनेक्टिकट राज्यात एका बाईने सरकारी मदतीचे ९,९३२ डॉलर गैररीतीने घेतले होते. १९८० साली तिने गुन्हा कबूल केला. कोर्टाने तुरुंगवास तहकूब ठेवला, पाच वर्षे देखरेखीखाली राहण्यास सांगितले, आणि दरमहा १०० डॉलर भरण्याची अट घातली. पुढच्याच वर्षी बाईने दिवाळखोरीचा अर्ज केला. देण्यांतून मुक्तता मिळताच तिचे म्हणणे असे, की हेही देणे फिटले!

प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८६ साली निकाल लागला : फिटले नाही. न्यायमूर्ती पॉवेल यांनी सांगितले, की ही सावकाराची बाकी नव्हे, हा शिक्षेचा भाग आहे. गुन्हेगाराला आपल्या कृत्याची जाणीव व्हावी, तो सुधारावा, हाही तिचा हेतू असतो.

आता गंमत पाहा. अमेरिकेत दिवाळखोरीच्या वाटा अनेक. एका वाटेने मालमत्ता विकून देणी भागवतात. दुसरीत मिळकतीतून काही वर्षे हप्ते भरायचे असतात. १९८६ चा निकाल पहिल्या वाटेचा. दुसरीच्या कलमात अशी सूट लिहिलेलीच नव्हती! म्हणून १९९० साली त्याच न्यायालयाने पेनसिल्व्हेनियातील एका दांपत्याला अशा देण्यातून मोकळे केले. तो निकाल न्यायमूर्ती मार्शल यांनी लिहिला. १९८६ साली विरोधी मत देणारे तेच. कायद्यात नाही ते न्यायाधीशाने कसे घालावे, हा त्यांचा सवाल. मग त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा दुरुस्त करून ती फट बुजवली.

आपल्याकडेही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात फसवणुकीने केलेले कर्ज आणि कोर्टाने ठरवलेली पोटगी नादाराच्या अंगावर कायमच राहते.

याचे मर्म काय? पाऊस दगा देतो, घरात आजारपण येते, धंदा बसतो. अशा माणसाला पुन्हा उभे राहता यावे, म्हणून नादारीचा कायदा. ती दया नशिबाने गांजलेल्यासाठी आहे. दुसऱ्याच्या घरात हात घालणाऱ्याने तिच्या आडोशाला लपावे, यासाठी नव्हे. पण ही रेघ कायद्यात स्पष्ट लिहिलेली हवी. नाहीतर चार वर्षांत एकाच प्रश्नाची दोन उत्तरे येतात, ती अशी.

शिक्षकबंधूंनी हा प्रश्न वरच्या वर्गात जरूर घालून पाहावा. मुले काय न्याय देतात, ते ऐकण्याजोगे असेल.