मोजणारे कोण?



पुण्याला आपली मोजदाद नवी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनी या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला, दुसरा १९५२ साली. तिचे ऋण मोठे आहे. परंतु विचारणारा बाहेरचा आणि उत्तर देणारा वस्तीतला, अशीच त्या काळची रीत होती.

पुढे, २००० सालच्या सुमारास, ‘शेल्टर असोसिएट्स’ने पुण्याच्या झोपडपट्ट्यांची घरोघर पाहणी करून नकाशे तयार केले, तेव्हा वस्तीतली माणसेच त्या कामात उतरली. मुंबईत ‘पुकार’ संस्थेने २००५ पासून तरुणांचे गट करून त्यांनाच आपापल्या वस्तीचे संशोधक केले.

या कामाची पद्धत दुपदरी आहे. नळ किती, शौचकूप किती, हे मोजणीने कळते. दिवस मावळल्यावर मुली तिकडे का फिरकत नाहीत, हे मात्र शेजारच्या मुलीशी बोलतानाच बाहेर येते. उलट, काही गोष्टी शेजाऱ्यापासूनच लपविल्या जातात. म्हणून आकडा आणि हकीकत एकमेकींवर पडताळून पाहावी लागते.

प्रश्न ठरविणे आणि निष्कर्ष काढणे आपल्या हाती ठेवून पोरांकडून नुसते तक्ते भरून घेतले, तर त्याला सहभाग म्हणू नये. ती स्वस्त मजुरी झाली. शाळा सुटलेला एखादा मुलगा स्वतः काढलेला नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात येईल, तेव्हा त्याला बसायला खुर्ची द्यावी आणि त्याचा पुरावा नीट तपासावा, एवढीच विनंती.