आमचे बाबा
(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात केलेले भाषण)



बाबांविषयी दोन शब्द बोलावे, अशी समितीची आज्ञा झाली. बाबा असते तर म्हणाले असते, "दोनच बोल गा, पंगत बसायची हाय."

बोडीखालच्या तीन बांध्या, एक बैलजोडी आणि एक बंडी, एवढ्यावर त्यांनी आम्हां पाच भावंडांना वाढविले. पावसाळ्यात पऱ्हे, चिखल, रोवणी. मळणी आटोपली की बंडी भाड्याने. उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता. एकदा कोणी साहेब म्हणाले, "बाबा, कमरेत फार वाकलात." उत्तर आले, "साहेब, उभ्यानं धान लावता येत असंल तर मले शिकवा."

गाव सोडून ते कोठे राहिले नाहीत. पण म्हणत, "म्या चार राज्यं पाहिली." आणि ते खरेच होते. आपला चांदा जिल्हा आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात, १९५० पासून मध्यप्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. "राज्यं बदलली, बांध्या तेवढ्याच रायल्या," असे ते वर जोडीत. १९८२ साली गडचिरोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा म्हणाले, "भाऊ वायले झाले. आता धुऱ्यावरून भांडू नोका म्हनजे झालं."

नातवंडांवर तर त्यांचा फार जीव. तेंदूपत्त्याचे पुडके सत्तर पानांचे. आजोबा नातवाला मांडीशी घेऊन पाने मोजायला लावीत. पुढे शाळेत गुरुजींनी शंभरपर्यंत म्हणायला सांगितले. पोरगा सत्तरावर थांबला आणि म्हणाला, "झालं पुडकं, आता बांधा." गुरुजी हसत हसत घरी सांगायला आले. बाबांचे म्हणणे, "पोरगा चुकला नाही. पुढची तीस दुसऱ्या पुडक्याची."

आता देवळाचे सांगतो. सभामंडपातली जुनी दगडी फरशी बाबांनी आपल्या बंडीने आणली होती. भाडे घेतले नाही. मी तेव्हा पाचवीत होतो, एका खेपेला बंडीत बसून गेलो होतो. परतताना रानात रात्र झाली. मी भ्यालो, तर म्हणाले, "वाघाले हाडं चावायची हौस असंल तर माह्याकडं येईल. तू मांसाचा, तू मधात बस." बैल मात्र रात्रभर त्यांनी नावे घेऊन हाकले. काम झाल्यावर मंडळींनी एका फरशीवर त्यांचे नाव कोरायचे ठरविले. बाबा म्हणाले, "नोको. लोक पाय देतीन अन् मले गुदगुल्या होतीन."

ती फरशी झिजून गुळगुळीत झाली होती. पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांचा पाय घसरे. ती काढण्याचा ठराव आला तेव्हा माझाही हात वर होता, आणि ठराव योग्यच होता. पण पहिला दगड उचलला त्या दिवशी मी काम पाहायला थांबलो नाही. घरी प्रकृतीचे निमित्त सांगितले. आज देवापुढे खरे सांगून टाकतो.

समितीने एक फरशी पाय धुण्याच्या जागी बसविली, हे तिचे उपकार. सत्तरावर थांबलेला तो पोरगा आता बापमाणूस झाला आहे. परवा तो म्हणाला, यावर आजोबांचे नाव घालू. मीच नको म्हटले.

पंगत खोळंबली आहे. रजा घेतो.