आठवीच्या पुढे

(साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या वेळी केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. एस. टी.ची पाटी वाचता, दुकानाची चिठ्ठी वाचता, अंगठ्याऐवजी सही करता. फार चांगले झाले. आज आम्ही तुम्हांला आणखी एक गोष्ट वाचायला सांगणार आहोत. ती म्हणजे तुमच्या मुलामुलींचे प्रगतिपुस्तक. आणि ते ज्या शाळेतून येते, त्या आपल्या लहानशा हायस्कुलाविषयी चार शब्द बोलणार आहोत.

आम्ही पुष्कळ वर्षे सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात अशाच एका हायस्कुलात होतो. आठवी, नववी, दहावी असे तीनच वर्ग. वर पत्रा. मास्तर मोजके. गणित शिकवणाराच विज्ञानही शिकवायचा. पाचसहा वाड्यावस्त्यांवरची पोरे पायी यायची. अशा शाळेला कोणी म्हणतात, "ही कसली शाळा! शाळा पाहावी तालुक्याची." आम्ही म्हणतो, तालुक्याची शाळा मोठी खरी, पण ज्याला तालुक्याला जाणे परवडत नाही त्याची शाळा हीच.

खेड्यातल्या पोरांसाठी हायस्कूल ही गोष्ट काही आपोआप झालेली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. स्वतः भाऊराव मॅट्रिक झालेले नव्हते. 1924 साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. 1940 साली साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. ज्याच्याजवळ फी नाही त्याने अंगमेहनत करावी आणि शिकावे, अशी तिथली रीत. पुढे खेडोपाडी हायस्कुले झाली. कुठे कोणी जमीन दिली, कुठे गावकऱ्यांनी दगडमाती वाहिली. आज मास्तरांचा पगार सरकार देते. पण शाळा उभी राहिली ती लोकांच्या घामावर.

आता मुद्द्याचे बोलू.

मुलाने शिकलेच पाहिजे असा कायदा 2009 साली झाला आणि 2010 च्या 1 एप्रिलपासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलांना फुकट आणि सक्तीचे शिक्षण, असा तो कायदा. पण तो आठवीपर्यंतच. शाळेतला दुपारचा आहार आठवीपर्यंतच. फुकट पुस्तके मिळतात तीही आठवीपर्यंतच. नववीत पाय ठेवला की तिन्ही गोष्टी एकदम थांबतात. आणि नेमके त्याच वेळी पोरगा नांगर धरण्याजोगा होतो, पोरगी भाकऱ्या थापण्याजोगी होते. म्हणून आमच्या शाळेत आठवीत भरलेला वर्ग नववीत ओसरायचा. दिवाळी झाली की आणखी चार बाक रिकामे.

असे एका वर्षी झाले. नववीतली एक हुशार मुलगी दिवाळीनंतर आली नाही. आम्ही वस्तीवर गेलो. आईबाप ऊसतोडीला निघाले होते. मुकादमाची उचल घेतलेली. आई म्हणाली, "गुरुजी, हिला इथं ठेवली तर तिकडं भाकऱ्या कोण करणार? आम्ही दोघं फडात. धाकटं पोर कुणाजवळ टाकू?"

बोलणे खोटे नव्हते. आम्हांला उत्तर सुचेना. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली आजी म्हणाली, "मी एकलीच की हाय मागं. पोरगी ऱ्हाईल माझ्यापाशी. धाकटं बी ठेवा."

आईबाप गेले. आपल्या भाकऱ्या त्यांनी आपणच केल्या. मुलगी पुढच्या वर्षी दहावी पास झाली. आज ती अंगणवाडीत सेविका आहे. गावच्या लेकरांची वजने तीच लिहून ठेवते.

मंडळी, कायदा आठवीपर्यंत बोट धरतो. पुढची दोन वर्षे घराने बोट धरायचे असते. कोणत्या घरात आजी असते, कोणत्या घरात चुलती असते, कुठे शेजारीण असते. चार घरांनी मिळून विचार केला तर वाट निघते.

तुम्ही काय करावे ते सांगतो.

पहिले. प्रगतिपुस्तक आले की मार्क पाहायच्या आधी हजेरी पाहा. शाळेचे दिवस किती, आपला मुलगा हजर किती, ते आता तुम्हांला वाचता येते. फरक दिसला तर त्याला विचारा. मग सही करा.

दुसरे. शाळेच्या रजिस्टरातले नाव आणि जन्मतारीख एकदा स्वतः वाचून घ्या. तेच पुढे दाखल्यावर येते. चूक असेल तर नववीतच दुरुस्तीचा अर्ज द्या. शाळा सोडल्यावर ते काम फार अवघड होते.

तिसरे. दहावी झालेल्या मुलाची पुस्तके रद्दीत घालू नका. अभ्यासक्रम तोच असेल तर ती खालच्या वर्गातल्या गरजू मुलाला द्या.

चौथे. मुलींना बारावीपर्यंत फी नाही. खेड्यातल्या मुलींना शाळेला जाण्यासाठी एस. टी.चा पास फुकट मिळतो. हेडमास्तरांकडे जा आणि अर्ज मागा. ते उपकार नव्हेत, तो तुमचा हक्क आहे.

आणि पोरगा दहावीला एखाद्या विषयात नापास झाला तर त्याला लगेच गुरांमागे धाडू नका. निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होते. ज्यांची शाळा मधेच सुटली त्यांनाही 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते. तुमच्यात कोणी पाचवी करून शाळा सोडलेले असतील. त्यांनीही याचा विचार करावा. लाजायचे काही कारण नाही.

शेवटची एक गोष्ट. हायस्कुलाचा पट कमी झाला की मास्तरांच्या जागा कमी होतात. मास्तर कमी झाले की लोक पोरे काढून घेतात. मग पट आणखी कमी होतो. असे होत होत एखादी शाळा बंद पडते. त्यात नुकसान होते ते पायी येणाऱ्या पोराचे आणि पोरीचे. ज्याच्या दारात गाडी आहे त्याला दुसरी शाळा आहेच. म्हणून तुमच्या घरचे एक मूल नववीत टिकले, तर शेजारच्या वस्तीवरच्या मुलाचीही शाळा टिकते.

या जूनमध्ये आपल्या गावातून आठवी पास झालेले प्रत्येक मूल नववीच्या वर्गात बसलेले दिसावे, एवढीच आमची तुमच्याकडे मागणी आहे.