घूं आवाज आणि जाड पिन



मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. ऐकायला बसलो तर ओवीमागे सारखी घूं... घूं. आजींना दम लागतो. पुन्हा गा, असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

एका ओळखीच्यानं सांगितलं, मिक्सरच्या प्लगची जाड पिन काढून टाका. (मिक्सर म्हणजे वाटणाचा नव्हे बरं, आवाजाचा.) आम्ही काढली. घूं गेली! पण वायरमनदादांनी पाहिलं आणि रागावलेच. ती पिन अर्थिंगची. मशीनच्या पत्र्यात करंट उतरला तर तो त्या वाटेनं जमिनीत जातो. वाट तोडली तर माईक धरणाऱ्या बाईच्या अंगातून जाणार. आम्ही त्याच दिवशी नवा प्लग बसवला. घूं परत आली.

मग शोध सुरू केला. लॅपटॉपचा चार्जर काढला की घूं बंद! पण बॅटरी जुनी, दहा मिनिटांत मान टाकते. दादा म्हणाले, लॅपटॉप एका खोलीतल्या प्लगवर, मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या. दोन्हीकडचं अर्थिंग आवाजाच्या केबलीनं जोडलं जातं, वेटोळं होतं आणि आपल्या लाइटची सेकंदाला ५० फेऱ्यांची घूं त्यातून आवाजात शिरते. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले. घूं जवळजवळ गेली.

उरली बारीक चरचर. ती पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली. मोबाइलचा स्वस्तातला चार्जरही त्यात होताच. माईकची वायर लाइटच्या वायरीला सुतळीनं बांधली होती, दिसायला नीट म्हणून! ती सोडून हातभर लांब नेली. जिथं ओलांडावीच लागते, तिथं आडवी टाकली. शेजारची गिरणी सुरू असताना रेकॉर्डिंग करत नाही.

स्टॅबिलायझर घ्यायचं गटात ठरत होतं. तो व्होल्टेज सांभाळतो, घूं काढत नाही. पैसे वाचले. दादांनी अर्थिंगही तपासलं. कितीतरी घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे अर्थिंगची वायरच नसते. तुमच्याकडचं तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा, कोरड्या मातीत करंट नीट जिरत नाही.

आजी परवा स्वतःच आल्या. पंखा बंद, म्हणून पदरानं घाम पुसत गायल्या. त्याच ओव्या आता ऐका.